घराआधी लोकल बघा: मुंबईजवळचं उपनगर कसं निवडायचं

नोकरी मुंबईत आणि घर डोंबिवली, बदलापूर, विरार नाहीतर पनवेलला. हा हिशेब मांडताना बहुतेक जण फ्लॅटच्या किमतीपासून सुरुवात करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, सुरुवात लोकलपासून करा. किंमत एकदाच मोजायची असते, प्रवास रोजचा असतो.

आधी लाईन ठरवा, म्हणजे मध्य, पश्चिम की हार्बर. नवरा-बायको दोघंही कामाला जात असतील तर दोघांच्या ऑफिसची स्टेशनं कागदावर लिहा. ऑफिस अंधेरीला असेल तर बदलापूरचं स्वस्त घर महाग पडतं, कारण रोज दोनदा गाडी बदलणं आणि पुलावरची गर्दी आलीच. नोकरी ऐरोली-घणसोलीकडे असेल तर मात्र ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल मिळते आणि डोंबिवली-कल्याण सोयीचं होतं.

मग वेळापत्रक उघडा. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. पण खरा फरक या वीस किलोमीटरचा नाही. कल्याणनंतर मार्ग फुटतो, एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जत-खोपोलीकडे, आणि गाड्या वाटल्या जातात. तुमच्या निघायच्या तासात किती लोकल आहेत, फास्ट किती, हे मोजा. त्याच स्टेशनातून सुटणाऱ्या किती, तेही बघा. तिथून सुटणारी गाडी म्हणजे बसायला मिळण्याची आशा.

आता प्रत्यक्ष जाऊन या, आणि रविवारी नको. कामाच्या दिवशी सकाळी आठला प्लॅटफॉर्मवर उभे राहा. सॅक पाठीवरून छातीवर घेतलेली माणसं, पदर-ओढण्या खोचून डब्याच्या खुणेपाशी थांबलेल्या बायका. त्या गर्दीत स्वतःला उभं करून बघा. संध्याकाळी सातला परतीचा प्रवासही करा आणि स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग बघा. जाहिरातीतली 'स्टेशनपासून ५ मिनिटं' घड्याळ लावून चाला.

पाण्याची चौकशी वॉचमनकडे करा. 'पाणी येतं का?' असं विचारलं की 'येतं' एवढंच उत्तर मिळतं. 'किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मे महिन्यात टँकर किती लागले?' असं विचारा. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का, हे सोसायटीच्या हिशेबात दिसतं.

पावसाचं कोणी आपणहून सांगत नाही. २६ जुलै २००५ अनेकांना आठवते, आणि जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली होती. नदी-नाल्याजवळची इमारत असेल तर तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ शोधा. विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत, दुकानदार माल जमिनीवर ठेवतो की फळीवर, हेही बघा. नवा रंग रेघ झाकतो, पण वर चढवलेले मीटर लपत नाहीत.

एवढं जमलं तरी लगेच टोकन देऊ नका. आधी त्याच भागात ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा, आणि जून ते सप्टेंबर त्यात येईल असं बघा. विकत घेताना महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प स्वतः शोधा. बिल्डरने दाखवलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हातात घेऊन वाचा आणि ते त्याच विंगचं आहे ना, याची महापालिकेत किंवा नगरपालिकेत खात्री करून घ्या.