"आपल्या धर्मात हे बसत नाही" म्हणणाऱ्या काका-काकूंशी कसं बोलायचं

माझा धाकटा भाऊ गे आहे. घरच्यांना कळून सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत काका, आत्या, बाबांचे मॉर्निंग वॉकवाले मित्र, गावाकडचे गुरुजी, सगळ्यांशी या विषयावर बोलायची वेळ माझ्यावर आली, कारण भाऊ बंगलोरला आणि मी इथे पुण्यात, म्हणजे घरातली वकील आपोआप मीच. सुरुवातीला मी इतकी वाईट भांडायचे की विचारू नका. आता जरा जमतं. ज्यांच्या घरात हे प्रकरण नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय, निदान माझ्या चुका तरी तुम्ही करू नका.

सगळ्यात आधी, ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याला विचारा. मी एकदा जोशात येऊन आत्याला सगळं सांगून टाकलं, मला वाटलं मी त्याची बाजू घेतेय, आणि रात्री भावाचा फोन, "ताई, ते मला सांगायचं होतं." संपलं. पुढे काय बोलणार. कोणाला, कधी, किती सांगायचं हे त्याचं तो ठरवेल, आणि मुलगा किंवा मुलगी अजून आईबापाच्या पैशावर शिकत असेल, त्यांच्याच घरात राहत असेल तर अजिबात घाई करू नका, आधी नोकरी आणि राहायची सोय, बाकीचं नंतर.

मग समोरचा नक्की काय विचारतोय ते ओळखा, कारण "आपल्या धर्मात बसत नाही" या वाक्यात धर्म फार थोडा असतो. काकू हे म्हणाली तेव्हा गणपतीची सकाळ होती, ती परातीत मोदकाची उकड मळत होती, तेल-पाण्याचा हात लावून, गरम उकड, बोटं लालबुंद. मी लगेच सुरू. शिखंडी, मोहिनी, अर्धनारीनटेश्वर, खजुराहो, जे जे गूगल करून ठेवलं होतं ते सगळं ओतलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, उकडीवर ओलं फडकं झाकलं आणि म्हणाली, "ते सगळं खरं असेल गं, पण परवा गौरीच्या हळदीकुंकवाला बायका येतील, त्यांना तो मुलगा कोण म्हणून सांगू?" म्हणजे प्रश्न वेदपुराणांचा नव्हताच, प्रश्न हा की भावाच्या पार्टनरबद्दल शेजारच्या वहिनींना काय सांगायचं. याचं उत्तर दोन शब्दांचं आहे, त्याचं नाव सांगायचं, पुढे कोणी खोदून विचारलं तर "आमच्याकडचाच आहे" म्हणायचं. काकूला ते पटलं. मी मात्र अर्धा तास शिखंडीवर घालवला होता.

तर समोरच्याला एकच विचारा, "तुम्हाला भीती कसली वाटतेय?" लोक काय म्हणतील, म्हातारपणी त्याला कोण बघेल, माझंच काही चुकलं का, वंश थांबला, यापैकी काहीतरी बाहेर येतं. तेव्हा त्या भीतीशी बोला, श्लोकाशी नको.

काही लोक मात्र खरंच धर्माचंच विचारत असतात, माझे मोठे काका त्यातले. नियमाने वारी करणारा माणूस. त्यांच्यासमोर मी तुकोबांचा अभंग काढला तर म्हणाले, "ते तुझ्या केससाठी नाही लिहिलेलं." बरोबरच होतं त्यांचं. अशा माणसाशी बोलताना दोन गोष्टी सांभाळा.

एक, पुराणातली उदाहरणं जपून वापरा. शिखंडीची गोष्ट बाईचा पुरुष होण्याची आहे, मोहिनीची विष्णूने स्त्रीरूप घेण्याची. ती ट्रान्स लोकांच्या जास्त जवळची आहे, गे मुलाच्या नाही. आपणच घोळ घातला तर समोरचा तो पकडणार, आणि घरातल्यांच्या डोक्यात आधीच "म्हणजे तो साडी नेसणार का" हा घोळ असतोच. आमच्याकडे यल्लम्मा देवीला वाहिलेला, साडी नेसलेला जोगता दारात आला की त्याच्या परडीत जोगवा घालून पाया पडतात, त्यामुळे काकांना वाटायचं देवीने नेमलं असेल तर ठीक, मग भावाला तसं काही "लागलंय" का. त्यांना समजवायला मला दोन दिवाळ्या लागल्या की तो पुरुषच आहे, त्याला पुरुष आवडतो, एवढंच.

दुसरं, "आपल्या धर्मात सगळं मान्य होतं, हे इंग्रजांनी बिघडवलं" असं ठोकून देऊ नका, ते अर्धंच खरं आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी संग केला तर कपड्यांसकट आंघोळ करावी असं आहे, आणि त्याच श्लोकात बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा बाईशी संग केला तरी तेच प्रायश्चित्त. म्हणजे भाऊ आणि दिवसाढवळ्या बायकोजवळ गेलेला कुठलाही काका एकाच रांगेत! पण त्याच अध्यायात असा संग जातिभ्रंश करणारा असंही म्हटलंय, आणि आठव्या अध्यायात एका मुलीने दुसऱ्या कुमारिकेला दूषित केलं तर २०० पण (तेव्हाचं नाणं) दंड आणि १० फटके, मोठ्या बाईने केलं तर मुंडण किंवा दोन बोटं तोडणं आणि गाढवावरून धिंड. बायकांच्या वाट्याला नेहमीसारखं जास्तच. ज्याला जे हवं ते त्यात सापडतं. आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं गेलं त्याच्या आधाराने घरातल्या पोराचा निकाल लावायचा का, हे काकांना विचारायला हरकत नाही, मी विचारलं होतं, ते गप्प बसले.

संघाच्या विचाराचे लोक घरात असतील तर त्यांना एक गोष्ट आठवण करून द्या. जानेवारी २०२३ मध्ये मोहन भागवतांनी मुलाखतीत जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचं उदाहरण देऊन सांगितलं की असे लोक आधीपासून आहेत आणि त्यांना त्यांची खाजगी जागा मिळावी. पण पूर्ण सांगा, कारण त्यानंतर दोनच महिन्यांत संघाने समलिंगी लग्नाला विरोध केला. अर्धं सांगितलं की फॅमिली ग्रुपवर दुसरं अर्धं कोणीतरी फॉरवर्ड करतंच.

सत्यनारायणाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भावाने नवीन फ्लॅट घेतला, आईचा हट्ट पूजा व्हायलाच हवी, आणि पूजेला जोडप्याने बसायचं. गुरुजी म्हणाले काही अडचण नाही, एकटा पुरुष असेल तर कनवटीला सुपारी लावून बसतो. भाऊ हसत म्हणाला, "म्हणजे बायकोच्या जागी सुपारी चालते, माणूस चालत नाही?" गुरुजीही हसले, चिडले नाहीत हो. तो सुपारी लावून बसला आणि त्याचा पार्टनर मागून फुलं-तुळस हातात देत राहिला. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं वाद घालायची जागा कुठली आणि सोडून द्यायची कुठली हे ज्याची पूजा त्याने ठरवावं, मी मध्ये कशाला उड्या मारायच्या.

दुसऱ्या धर्मातल्या घरांबद्दल मी बाहेरची आहे म्हणून थोडक्यात. माझी ऑफिसमधली मैत्रीण वसईची कॅथलिक, तिच्या भाचीसाठी आम्ही दोघींनी वाचलं होतं. चर्चची शिकवण समलिंगी संबंधांना पाप मानते, पण अशा लोकांशी आदराने, करुणेने वागा, अन्यायाने भेदभाव करू नका हेही त्याच शिकवणीत लिहिलंय, तेव्हा घरातून हाकलणारा बाप चर्चचंही ऐकत नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला पाद्रींना मोकळीक दिली, लग्न म्हणून नाही हे लक्षात ठेवा. मुसलमान घरांत कुराणातली लूत पैगंबराच्या कौमची, म्हणजे अशा संबंधांमुळे देवाने नष्ट केलेल्या लोकांची गोष्ट निघते आणि बहुतेक उलेमा म्हणजे धर्मपंडित याला हराम मानतात, तिथे "कुराणात चालतं" असं सिद्ध करायच्या भानगडीत न पडता "ते त्याचं आणि अल्लाहचं, आपण त्याला मारझोड करायची का" इथून सुरुवात केलेली बरी. बौद्ध घरांत पंचशीलातलं तिसरं शील निघतं, कामात दुराचार नको, त्यात पुरुष-पुरुष असा वेगळा उल्लेखच नाही.

आता नास्तिक आणि पुरोगामी मंडळी. यांच्याकडून सोपं जाईल असं मला वाटलं होतं, हाहा. बाबांचे एक मित्र, देव मानत नाहीत, चळवळीत आयुष्य गेलं, ते म्हणतात हे शहरी चोचले आहेत, शेतकरी मरतोय आणि तुम्हाला हे सुचतंय. दुसरे म्हणतात "अनैसर्गिक" आहे. या शब्दाचा उगम त्यांना सांगा. "निसर्गक्रमाविरुद्ध" ही भाषा १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ ची, मेकॉलेच्या काळातली, शिक्षा जन्मठेपेपर्यंत, आणि ते कलम नवरा-बायकोच्या काही गोष्टींनाही लागू होत होतं. म्हणजे देव न मानणारा माणूस व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या साहेबाची नीती मानतोय. आणि पुरोगाम्यांना त्यांचीच परंपरा दाखवा, र. धों. कर्वे "समाजस्वास्थ्य" मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे, त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न होते, त्यावरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, दंड झाला, पण उभे राहिले ना.

कायद्याचं नीट पाठ करून ठेवा, इथे उगाच फुगवून सांगितलं तर तोंडघशी पडाल. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि काही ख्रिस्ती संस्था सगळे एका बाजूला गेले, सर्वधर्मसमभावाचं असं उदाहरण शोधून सापडायचं नाही, आणि डिसेंबर २०१३ मध्ये संबंध पुन्हा गुन्हा झाले. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने ते गुन्ह्यातून काढले. त्या निकालात संविधानिक नीतिमत्ता हा शब्द येतो, बाबासाहेबांनी संविधान सभेत वापरलेला, अर्थ असा की बहुसंख्य लोकांना काय आवडतं यावर एखाद्याचा हक्क ठरत नाही. काकांना मला हेच सांगायचं होतं आणि मी उगाच पुराणं उकरत बसले, त्यांच्या धर्माने माझ्या भावाला पास करायची गरजच नाही, त्यांनी त्यांचा धर्म पाळावा आणि याच्या ताटात माती कालवू नये.

लग्नाचा हक्क मात्र नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने तो संसदेवर सोडला. जॉइंट बँक खातं काढता येतं, पार्टनरला नॉमिनी करता येतं, हे सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. मृत्युपत्र मात्र आजच करा, कारण ते नसेल तर फ्लॅट कायद्याने नातेवाईकांकडे जातो, पार्टनर कितीही वर्षं सोबत राहिलेला असो.

उपचारांच्या बाबतीत मात्र अजिबात नरम पडू नका. कोणी म्हणेल डॉक्टरकडे न्या, कोणी म्हणेल अमुक महाराजांचा अंगारा लावा. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला हे आजारांच्या यादीतून काढलं, आणि "बदलून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणाऱ्या बाबावर आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. पालकांना खरंच घाबरल्यासारखं होत असेल तर त्यांनी स्वतः काउन्सेलरकडे जावं, आई गेली होती, चार सेशन, खूप फरक पडला. मद्रास हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी २०२१ मध्ये अशी केस आली तेव्हा आपल्याला हा विषय कळत नाही असं मान्य करून स्वतः सायकॉलॉजिस्टकडे सेशन घेतलं होतं, हे आईला सांगितल्यावरच ती तयार झाली. न्यायाधीश जातात तर आपण का नाही.

आणि "लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल" हे कोणी म्हटलं की बाकी सगळे मुद्दे बाजूला ठेवा. आत्याने स्थळ आणलं होतं, मुलगी साताऱ्याची, बीएस्सी, पत्रिका जुळत होती. मी आत्याला म्हटलं, समजा उलटं असतं, तुझ्या मुलीला असा नवरा कोणी माहीत असून गळ्यात बांधला असता तर? आत्या धार्मिक, सोमवार करणारी, तिला मनुस्मृतीही माहीत नाही आणि सुप्रीम कोर्टही, पण हे लगेच कळलं. स्थळ तिनेच परत पाठवलं.

एका बैठकीत एकच मुद्दा बोला, चहा आला की थांबा, आणि फॅमिली ग्रुपवर यातलं काहीही लिहू नका, तिथे माणूस मागे हटत नाही.

काका अजून मानत नाहीत. भावाशी बोलतात, त्याच्या पार्टनरशी फक्त क्रिकेटवर. मार्चमध्ये माझ्या मुलाची मुंज झाली, पत्रिकांवर नावं घालायला काकू बसली होती कारण तिचं अक्षर चांगलं. भावाच्या पाकिटावर त्याचं नाव आणि खाली "सहकुटुंब सहपरिवार". मी विचारलं, मुद्दाम लिहिलंस का? म्हणाली, "सगळ्यांच्याच पाकिटावर लिहितात, त्यात काय," आणि पुढचं पाकीट ओढलं.