तळं खोल केलं आणि पाखरं गेली: गावतळ्याच्या कामात या चुका टाळा

अमळनेर तालुक्यातल्या एका गावतळ्याचा गाळ काढायला आम्ही वर्गणी जमवली. वीस दिवस पोकलेन चाललं, काळी माती ट्रॉल्या भरभरून शेतात गेली, पोळ्याच्या सुमारास तळं तुडुंब भरलं. सगळे खूश. डिसेंबरात दुर्बीण घेऊन गेलो तर मधोमध वारकरी नावाची चार काळी पाणपाखरं, बाकी चिटपाखरू नाही. तिथे रोज शेळ्या आणणारे बाबा म्हणाले, "पानी शे, पन पाखरू नई."

हौद खणू नका

चूक आमचीच होती. तळ्याच्या चारी बाजू आम्ही सरळ कापून काढल्या होत्या. शेकाट्या वीतभर पाण्यात चालतो, तुतारी ओल्या चिखलात चोच खुपसते. थापट्या आणि तलवार बदक सहसा बुडी मारत नाहीत. शेपटी वर करून, मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवरचं खातात. वारकरी बुडी मारतो, म्हणून तेवढा उरला. बाकीच्यांचं ताट आम्ही ट्रॉलीत भरून पाठवलं होतं.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना चांगलीच आहे. खान्देशातल्या हलक्या रानांना ही माती सोन्यासारखी. पण गाळ मधल्या खोलगट भागातून काढा. नाल्याचं पाणी ज्या बाजूने तळ्यात शिरतं, ती उथळ बाजू हात न लावता सोडा. काठाला इतका उतार ठेवा की म्हैस न घसरता पाण्यात जाईल. मोजपट्टीपेक्षा ही खूण गावात लवकर कळते. पाळीच्या पायथ्याशी तर खणूच नका. आणि मुरूम लागला की थांबा. त्याखाली गाळ नसतो, तिथून पुढे सुरू होतो तो मुरमाचा धंदा, आणि त्याला वेगळी परवानगी लागते.

तापी आणि पूर्णा जिथे भेटतात, त्या भागातलं हतनूर धरण बघा. ४१ दरवाजांचं हे धरण गाळाने भरत चाललंय म्हणून सगळे हळहळतात, आणि ते रास्तच आहे. पण हिवाळ्यात चक्रवाक उतरतात ते त्याच उथळ, गाळट काठांवर. गाळ कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा, हे आधी कागदावर काढा. यंत्र आल्यावर कोणी ऐकत नाही, तासाचं भाडं चालू असतं.

उन्हाळ्यात तळं रिकामं समजू नका

काम एप्रिल-मेमध्येच होतं, कारण तेव्हा पाणी आटलेलं असतं. नेमकी तेव्हाच टिटवी उघड्या खडीवर अंडी घालते. चार अंडी, टोकं आत वळलेली, रंग हुबेहूब मुरमाचा. डोळ्यासमोर असून दिसत नाहीत. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली तर यंत्र थांबवा आणि तेवढा तुकडा महिनाभर सोडून द्या. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं मानणाऱ्या गावात हे पटवायला वेळ लागत नाही.

धरणातल्या बेटांचं दुखणं वेगळं. नदी सुरय उन्हाळ्यात तिथे जमिनीवरच अंडी घालतो. पाणी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत पोहोचतात. तळ्यात बेट ठेवणार असाल तर त्याच्याभोवतीचा भाग इतका खोल घ्या की मेअखेरीसही पाणी राहील.

जलपर्णी काढून काठावर टाकू नका

ढीग तिथेच कुजतो आणि सगळं खत पहिल्या पावसात पुन्हा तळ्यात. दूर नेऊन कंपोस्ट करा, तेही फुलं येण्याआधी. बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. दरवर्षी काढूनही येत असेल तर तिचा नाद सोडून गावाचं गटार कुठे उतरतं ते शोधा. आणि श्रमदानात उत्साहाच्या भरात कमळ, शिंगाडा, पाणकणीसही उपटू नका. कमळपक्ष्याचं घरटं तरंगत्या पानांवरच असतं.

काठावर जंगल नको

वेडी बाभूळ तर नकोच, पण वडा-पिंपळाची रांगही सगळीकडे नको. उघड्या काठावर बसणाऱ्या पाखरांना शिकारी दुरून दिसायला हवा. दगडी पिचिंग, पेव्हर ब्लॉक, दिव्यांचे खांब यांबद्दल मी बोलतच नाही, भांडण होतं.

घरच्या टाकीतले मासे, कासवं तळ्यात सोडणं पुण्य नव्हे. आफ्रिकन मांगूर तर बाकीचे मासे फस्त करतो. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका

सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून बांधलेले जलाशय २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येबाहेर आहेत. नदीचं पात्रही बाहेर. म्हणजे खान्देशातलं बरंचसं पाणी. इथे उपयोगी पडतो तो २००२ चा जैवविविधता कायदा. त्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात असते. मागून घ्या. तळ्याची उथळ बाजू कुठली, कोणत्या महिन्यात कोणतं पाखरू येतं, अंडी कुठे दिसली, हे तारखेसकट लिहा. भोई बांधवांना आणि गुराख्यांना विचारून लिहा. आमच्या वहीतली पहिली नोंद त्या बाबांची आहे. तळं खणण्याआधी कुठे काय उतरायचं, ते त्यांनी काठीने मातीत नकाशा काढून दाखवलं होतं.