ब्लॅकआउटमध्ये खुर्ची कुठे आहे?

दोन प्रवेशांच्या मधे रंगमंचावर अंधार होतो, तेव्हा आम्हा बॅकस्टेजवाल्यांच्या हातात साधारण वीस सेकंद असतात. तेवढ्यात टेबल उचलायचं, दोन खुर्च्या आत न्यायच्या, टेबललॅम्प जागेवर ठेवायचा आणि कशालाही न धडकता विंगेत परत यायचं. टॉर्च लावायची नाही. बावीस वर्षं हे काम करतेय, आणि अजूनही कुणी विचारतं, की तुला अंधारात दिसतं का गं? नाही दिसत. पण खुर्ची कुठे आहे ते माहीत असतं. ते कसं, आणि तुम्हाला कसं जमेल, ते सांगते.

नवीन पोरं येतात ती आधी स्टेजचा नकाशा पाठ करतात. टेबल मधे, सोफा उजवीकडे, कपाट मागे. प्रेक्षकांकडे पाठ फिरवली की 'उजवीकडे'चं डावीकडे होतं आणि गुडघा सोफ्यावर आपटतो. नकाशा वाईट नाही, पण धावपळीत तो डोक्यातल्या डोक्यात फिरवत बसायला वेळ कुठे असतो? त्यापेक्षा प्रत्येक वस्तू 'माझ्यापासून कुठे' हे धरायचं, आणि आपण हललो की ते नातं शरीराला बदलू द्यायचं.

हे शरीर करतं म्हणजे काय, ते खोलीतच करून बघा. उभे राहा, चार वस्तू निवडा. दार, खिडकी, टेबल, पलंग, काहीही. एकेकीकडे बोट दाखवून नाव मोठ्यानं घ्या. मग डोळे मिटा, उजवीकडे पाव वळण घ्या आणि पुन्हा दाखवा. हात जवळजवळ आपोआप जातो. आता डोळे उघडून मूळ जागी या, पुन्हा मिटा, आणि या वेळी अजिबात न हलता नुसती कल्पना करा की आपण मागे वळलोय. त्या कल्पनेतल्या तुमच्यापासून दार कुठे? हात हवेत लटकतो. 'मागचं पुढे, म्हणजे उजवं डावीकडे' अशी आकडेमोड सुरू होते. मानसशास्त्रज्ञ जॉन रायझर यांनी 1989 साली असेच प्रयोग मांडले होते. न वळता दुसऱ्या जागी उभे आहोत ही कल्पना लोकांना सोपी जाते. वळल्याची कल्पना जड जाते, आणि वळण जितकं मोठं तितकी जास्त जड. तेच लोक डोळे बांधून खरोखर वळले, की काम सोपं होतं.

म्हणून माझा पहिला नियम: वळायचं असेल तर अख्खं अंग वळवा. मान वळवून, कमरेत पिळून, पाय तिथेच ठेवून सामान उचलू नका.

दुसरी गोष्ट वळण्याच्या वेगाची. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. डोकं फिरायला लागलं की त्यांतला द्रव मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. म्हणजे त्यांना कळतो तो वेगातला बदल. एकाच वेगानं फिरत राहिलात तर थोड्या वेळात द्रवही सोबत फिरू लागतो आणि वळल्याची जाणीव विरत जाते. फार हळू सुरू झालेलं वळण तर त्यांच्या लक्षातच येत नाही. तेव्हा वळण ठाम घ्या, थांबा, मग चाला. मुंगीच्या पावलानं गोल गोल सरकत वळू नका.

हे मी पुस्तकातून नाही, फिरत्या रंगमंचावर शिकले. एका प्रयोगात ब्लॅकआउटमध्ये अख्खी चकती पाव फिरायची होती आणि मी चकतीवर उभी राहून फुलदाणी बदलत होते. चकती इतकी अलगद सुरू झाली की मला पत्ताच नाही. फुलदाणी बरोबर टेबलावर बसली, कारण टेबलही माझ्यासोबतच फिरत होतं. मग मी निर्धास्तपणे 'विंगेकडे' निघाले. पायाला काठाची पट्टी लागली, समोर कुणीतरी खोकलं, तेव्हा कळलं की मी प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेसमोर उभी आहे. तेव्हापासून मी दोन याद्या वेगळ्या ठेवते: माझ्यासोबत फिरणाऱ्या वस्तू, आणि जागेवर राहणाऱ्या. गाडीत, बोटीत, लिफ्टमध्येही हाच घोटाळा होतो. बोटीच्या आतली पिशवी बरोबर सापडते, किनारा कुठल्या बाजूला गेला ते सांगता येत नाही.

आता चालणं. हे ऐकून बरं वाटेल, चालण्यात आपण बरेच चांगले आहोत. समोरची वस्तू नीट बघून घ्या, डोळे मिटा आणि सरळ तिच्यापर्यंत चालत जा. प्रयोगांमध्ये 12 मीटरपर्यंतच्या खुणेपाशी लोक असे बऱ्यापैकी अचूक पोचलेत. अट एकच, रोजच्या चालीनं चाला. चाचपडत, पाऊल घासत गेलात की अंदाज बिघडतो. (पहिल्यांदा करताना कुणाला तरी सोबत घ्या. जिन्याजवळ तर करूच नका.)

आणि पायात काय आहे ते बघा. 2006 साली वाळवंटी मुंग्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अन्नापर्यंत पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांचे तुकडे चिकटवून पाय लांब केले, काहींचे आखूड केले. परतताना लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून पुढे गेल्या, आखूड पायांच्या अलीकडेच घर शोधू लागल्या. पावलांचा हिशेब बरोबर होता, पाऊल बदललं होतं. माणूस मुंगी नव्हे, पण रंगीत तालमीला जाड तळाचे बूट आणि प्रयोगाला अनवाणी असं मी कुणाला करू देत नाही.

लांब अंतरावर मात्र स्वतःवर भरवसा ठेवू नका. 2009 साली संशोधकांनी लोकांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले; तो ढगाआड असताना जंगलातले लोक गोल फिरून आपल्याच वाटेवर आले. डोळे बांधलेल्यांच्या वर्तुळांचा व्यास तर कधी 20 मीटरपेक्षाही कमी होता. प्रत्येक पावलाला बारीकशी चूक होते, ती पुढच्या पावलात जमा होते आणि आतून ती कळत नाही.

ही उधारी फेडायचा उपाय म्हणजे स्पर्श. मी पाच-सहा पावलांनंतर काहीतरी शिवतेच. सोफ्याची पाठ, विंगेचा पडदा, काहीही. शिवलं की हिशेब शून्यावर येतो. विंगेतला एखादा मिणमिणता दिवा दिसत असेल तर सोन्याहून पिवळं. त्याच्याकडे टक लावायची गरज नाही, डोळ्याच्या कोपऱ्यात राहिला तरी दिशा टिकते.

मेंदूतही हे काम वाटून दिलेलं आहे. उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात ठरावीक जागी गेल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी असतात, हे जॉन ओकीफ यांनी 1971 साली दाखवलं. जागेला षट्कोनी जाळीत मांडणाऱ्या पेशी मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटानं 2005 साली मांडल्या. 2014 चं नोबेल या तिघांना मिळालं. डोकं कुठल्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी आणखी वेगळ्या. आमच्या भाषेत, मी कुठे उभी आहे हे एक जण सांगतो आणि तोंड कुठे आहे हे दुसरा. माझा अनुभव असा, की आधी गोंधळतो तो दुसरा.

पूर्ण गोंधळलात तर? अंदाजानं बोट दाखवत बसू नका. गरगर फिरवून दिशाभूल केलेल्या माणसांवर 2000 साली एक अभ्यास झाला. त्यात सगळ्या वस्तू सारख्याच अंशानं चुकल्या असं झालं नाही, वस्तूंची एकमेकींशी असलेली मांडणीही विस्कटली. म्हणजे डोक्यातलं चित्र नुसतं फिरत नाही, त्याचे तुकडे होतात. एक वस्तू आठवून तिच्यावरून बाकीच्या जुळवायला जाल तर फसाल. जागीच थांबा, हात पसरा, हाताला लागेल ती पहिली वस्तू ओळखा, तिच्या कडेवरून बोट फिरवून आपलं तोंड कुठे आहे ते ठरवा, आणि मगच पहिलं पाऊल टाका.

एका वेळी किती वस्तू धरायच्या? मी चार धरते. पाचवी आली की पहिली सोडते, आणि सोडते म्हणजे मनात तसं म्हणते: 'टेबललॅम्प झाला.' ठेवून झालेल्या वस्तूचं ओझं वाहत राहिलं, की नेमकी तीच खुर्ची विसरते जी अजून हातात आहे.