फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी एअरवाला पिन बॉक्स कसा निवडायचा

न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर पुढच्या गाडीला जसा जोडलेला असतो, म्हणजे ट्रेलरखाली जाडजूड किंगपिन आणि गाडीवर तो पकडणारा जबडा असलेला हिच, तशीच जोडणी अमेरिका-कॅनडात पिकअपच्या हौद्यात बसवतात आणि त्याला राहायचा ट्रेलर लावतात, तोच फिफ्थ व्हील ट्रेलर. किंगपिन ज्या लोखंडी खोक्याखाली असतो तो पिन बॉक्स, ट्रेलरच्या नाकाला बोल्टने कसलेला. बऱ्याच ट्रेलरबरोबर साधा, ताठ बॉक्स येतो आणि रस्त्यावरचा दणका थेट तुमच्या पाठीत. एअरवाल्यात खोक्याचे दोन भाग बिजागरीसारखे जोडलेले असतात आणि मधे हवेची बॅग, बहुतेक वेळा सोबत शॉक अॅब्सॉर्बर. किंमत साधारण हजार डॉलरच्या पुढेच, त्यामुळे कार्ड काढायच्या आधी जरा थांबा.

आधी दणका कुठला ते ओळखा

लुईझियानात आय-१० वर अॅचाफलायाचा १८ मैलांचा पूल आहे, तिथे काँक्रीटच्या जोडांवरून जाताना धडधड धडधड चालूच राहते आणि ट्रेलरचं नाक वरखाली होत ट्रकला मागून दाबत राहतं. हा वरखाली दणका, हवेच्या बॅगचं खरं काम इथलं. दुसरा प्रकार म्हणजे पुढे-मागे हिसका, ब्रेक लावला की मागून ढकलल्यासारखं आणि गॅस दिला की ओढल्यासारखं, ज्याला तिकडचे लोक चकिंग म्हणतात. त्याला मोरराइड कंपनीसारखे रबरवाले बॉक्स जास्त लागू पडतात, काही मॉडेलमध्ये हवा आणि रबर दोन्ही असतं.

पण हिसका असेल तर बॉक्सच्या आधी हिचचा जबडा बघा. ट्रेलर जोडलेला, त्याच्या चाकांना ओट लावलेली, कोणालातरी ट्रक अगदी बोटभर पुढे-मागे करायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून (हात आत घालायचा नाही!) किंगपिन जबड्यात खटखट हलतो का बघा. हलत असेल तर जबडा झिजलाय किंवा अॅडजस्ट करायचाय, आणि तो ढिलेपणा कितीही महागडी बॅग घेतली तरी जाणार नाही. ट्रेलरच्या ब्रेकचं सेटिंग चुकलेलं असलं तरी असेच हिसके बसतात.

मग वजन, खरं वजन

इथे लोक सगळ्यात जास्त गंडतात. ब्रोशरमधला पिन वेट (पिनवर येणारं वजन) हा रिकाम्या ट्रेलरचा असतो, त्यात तुमचं पाणी, भांडीकुंडी, बॅटऱ्या काही नसतं. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे प्रत्येक एक्सलचं वजन देणाऱ्या काट्यावर, जा. एकदा सगळं सामान भरलेला ट्रेलर जोडून, आणि एकदा नुसता ट्रक, तेवढंच डिझेल, तीच माणसं आणि हिच हौद्यात तसाच ठेवून. समजा नुसता ट्रक ८,२०० पाउंड आणि ट्रेलर जोडल्यावर ट्रकच्या दोन्ही एक्सलची बेरीज १०,८००, तर पिनवर २,६०० पाउंड आले. पावतीवर ट्रेलरच्या एक्सलचे १०,४०० असतील तर अख्खा ट्रेलर १३,००० चा, म्हणजे पिनवर २० टक्के. साधारण १५ ते २५ टक्क्यांत आकडा येतो.

हा आकडा हलतोही. एक गॅलन पाणी ८.३ पाउंड, म्हणजे ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पाउंड, आणि ती टाकी एक्सलच्या पुढे असेल तर त्यातला काही भार पिनवर. टॉय हॉलरमध्ये, म्हणजे मागे गाड्या ठेवायचं गॅरेज असलेल्या ट्रेलरमध्ये, उलटं, त्या गॅरेजात मोटरसायकली चढवल्या की पिन हलका होतो. तुमचा ट्रेलर असा रंग बदलणारा असेल तर एअरवालाच घ्या असं माझं मत, कारण हवा कमीजास्त करता येते, रबर जसं आहे तसंच राहतं.

आता रेटिंग. ट्रेलरचं कमाल वजन आणि पिनवरचं वजन असे दोन आकडे असतात, दोन्ही जुळले पाहिजेत. आणि "मोठं घेतलं की सेफ" हे इथे अर्धंच खरं, कारण जड ट्रेलरसाठी बनवलेला बॉक्स हलक्या पिनखाली नीट दबतच नाही आणि पैसे देऊन पुन्हा ताठच बॉक्स मिळतो. कंपनीने पिन वेटची रेंज दिलेली असते, तुमचा आकडा तिच्या मधे कुठेतरी आला पाहिजे. शिवाय एअर बॉक्स स्वतः जड असतो, त्याचा भारही ट्रकवरच येणार, तेव्हा ड्रायव्हरच्या दारावरच्या पिवळ्या स्टिकरवरचं पेलोड (ट्रक किती भार पेलतो ते) एकदा वाचाच.

मापं

जुन्या बॉक्सवरचा मॉडेल नंबर, ट्रेलरच्या दोन पंखांमधली (बॉक्स ज्यांना कसतात त्या लोखंडी पट्ट्यांमधली) रुंदी, बोल्टच्या भोकांची जागा आणि बोल्टपासून किंगपिनच्या मध्यापर्यंतचं अंतर, एवढं लिहून घ्या. नवीन बॉक्समध्ये पिन मागे गेला तर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेजवळ येतो, साडेपाच-साडेसहा फुटी हौद्याच्या ट्रकला हे महागात पडतं. पिन पुढे गेला तर फ्रेमवर ताण वाढतो. रीस कंपनीच्या गूज बॉक्ससारखे प्रकार तर किंगपिन काढून थेट गूजनेकच्या बॉलवर, म्हणजे हौद्याच्या तळातल्या लोखंडी गोळ्यावर, बसतात, हौद्यातला जड हिच वाचतो ही मोठी सोय, पण फ्रेमची वॉरंटी राहते का हे फ्रेमच्या कंपनीकडून लेखी घ्या, विक्रेत्याच्या तोंडी "हो हो चालतं"वर जाऊ नका. पुलराइट कंपनीचा सुपरग्लाइड (वळताना आपोआप मागे सरकणारा) हिच असेल तर त्याची कॅप्चर प्लेट, म्हणजे पिन बॉक्सला लावायची पट्टी, नवीन बॉक्सला बसते का तेही विचारा.

हौद्याच्या कडेपासून ट्रेलरच्या पोटापर्यंत निदान सहा इंच जागा हवी, आणि बॅग फुटली तर नाक अजून खाली बसणार हे धरून मोजा.

बसवल्यावर

बॉक्स एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका, जॅक किंवा होइस्ट लावा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा आणि पहिल्या थोड्या प्रवासानंतर परत तपासा. हवा भरायची ती ट्रेलर जोडून पुढचे पाय वर घेतल्यावर, पूर्ण भार पडलेला असताना, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खुणेपर्यंत, आणि बॅगवर लिहिलेल्या कमाल पीएसआयच्या वर कधीच नाही. व्हॉल्व्ह टायरसारखाच असतो, छोटा कॉम्प्रेसर पुरतो. व्हॉल्व्हवर आणि नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. थंडीत दाब उतरतो, तेव्हा डोंगरावर मुक्काम केला असेल तर सकाळी निघताना गेज लावा.

ट्रेलर सोडताना भार गेला की बॅग फुगते आणि पिन थोडा खाली येतो, त्यामुळे परत जोडताना जुन्या बॉक्सच्या सवयीची उंची चालत नाही. उतरून डोळ्याने बघा, पिनच्या वरची प्लेट हिचवर टेकलीय का, जबडा मिटलाय का, मग पाय जमिनीवर असतानाच ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे ओढून बघा.