पहिला टेनर: सोल गायनगट उभारणाऱ्यांनी ड्यूक फकीर यांच्याकडून काय शिकावं

नवा गायनगट जमला की प्रत्येकाला मुख्य गायक व्हायचं असतं. साथीचे सूर कुणी धरायचे यावर कुणी बोलतच नाही आणि गट तिथेच फसतो. म्हणून सोल संगीताकडे (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण गाण्यांकडे) वळणाऱ्यांनी आधी अब्दुल 'ड्यूक' फकीर यांची कारकीर्द नीट समजून घ्यावी. 'फोर टॉप्स' या अमेरिकी गायनगटाच्या चार संस्थापकांपैकी ते एक. त्यांनी आयुष्यभर पहिला टेनर गायला, म्हणजे साथीतला सगळ्यात वरचा सूर.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी डेट्रॉइटमध्ये झाला. वडील आजच्या बांगलादेशातून तिथे गेलेले; नाव आपल्या कानाला ओळखीचं वाटतं ते त्यामुळे. पर्शिंग हायस्कूलमधले लेव्ही स्टब्ज आणि ते, शिवाय ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन, अशी चौकडी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जमली. सुरुवातीचं नाव होतं 'फोर एम्स'. 'एम्स ब्रदर्स' हा गट तेव्हा प्रसिद्ध असल्यामुळे गल्लत नको म्हणून ते बदललं.

रेकॉर्ड कंपन्या बदलत गेल्या: १९५६ मध्ये चेस, १९६० मध्ये कोलंबिया, मग रिव्हरसाइड. एकाही कंपनीत गाणं चाललं नाही. १९६३ मध्ये ते मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीत आले आणि १९६४ मध्ये 'बेबी आय नीड युअर लव्हिंग' गाजलं, तेव्हा फकीर २८ वर्षांचे होते. मधली दहा वर्षं नाइटक्लबमध्ये जॅझची गाणी म्हणण्यात आणि गायक बिली एकस्टाइन यांच्या दौऱ्यांत साथ करण्यात गेली. ती वाया गेली असं समजू नका. रोज रात्री वेगवेगळ्या गाण्यांत चार सूर जुळवल्यानेच त्यांचा आवाज एकजीव झाला. स्वतःची गाणी करण्याची घाई असेल, तर आधी दुसऱ्यांची निदान वीस गाणी चार सुरांत बसवा.

सूर कोणाला कोणता द्यायचा, हे काम फोर टॉप्समध्ये पेटन करत. तुमच्या गटातही हे काम एकाच माणसाकडे ठेवा. चौघं मिळून वाटायला बसलात, तर तालमीचा वेळ वादात जाईल.

तालमीची सुरुवात तानपुऱ्यावर करा, हार्मोनियमवर नको. कारण नेमकं आहे. तानपुऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). चार गळे त्या शुद्ध गंधारावर आले की सूर एकमेकांत विरघळतात. हार्मोनियमच्या गंधारावर राहिले की किंचित खरखर उरते. बासने (सगळ्यात खालचा आवाज) सा धरावा, बॅरिटोनने (त्याच्या वरचा, मधला आवाज) प, दुसऱ्या टेनरने वरचा सा आणि पहिल्या टेनरने त्याच्यावरचा ग. आठ मात्रा 'आ', मग आठ मात्रा 'ऊ'. रोज दहा मिनिटं एवढंच.

आपल्याकडच्या गायकांची एक ठरलेली अडचण असते. लहानपणापासून एकच चाल गायची सवय, त्यामुळे मुख्य गायक सुरू झाला की साथीचा गळा त्याच्या चालीकडे घसरतो. त्यावर उपाय म्हणजे आपली ओळ आधी एकट्याने, शब्दांशिवाय, फक्त सरगममध्ये पाठ करायची. मग बाससोबत गायची आणि मुख्य गायकासोबत सगळ्यात शेवटी.

पहिल्या टेनरचं काम अवघड आहे. वरचा सूर कानाला आपसूकच जास्त जाणवतो, म्हणून त्याने बासपेक्षा हलकं गायला हवं. छातीचा आवाज जोर लावून वर ओढला की सूर उतरतो आणि बाकीच्या तिघांना झाकतो. हलका, डोक्यातला आवाज वापरा, माइकपासून वीतभर जास्त मागे राहा, स्वराचं कंपन जवळजवळ बंद ठेवा. श्वास सगळ्यांनी एकदम घेऊ नये, आळीपाळीने घ्यावा. शब्दाच्या शेवटी 'स' येत असेल तर तो एकानेच उच्चारावा. चौघांनी म्हटला की कुकरची शिट्टी वाजल्यासारखं होतं.

पट्टीचं गणितही याच गटाकडून शिका. त्यांचे मुख्य गायक स्टब्ज मुळात बॅरिटोन. पण मोटाउनसाठी गाणी रचणारं हॉलंड-डोझियर-हॉलंड हे त्रिकूट गाण्यांची पट्टी मुद्दाम त्यांच्या गळ्याच्या वरच्या टोकाशी ठेवत. १९६६ च्या 'रीच आउट आय'ल बी देअर'मधली आर्त हाक त्यातूनच येते. तुमच्या मुख्य गायकाची सोयीची पट्टी शोधा आणि ती अर्ध्या स्वराने चढवा, फार तर एका स्वराने. त्याहून चढवली तर तिसऱ्या गाण्याला घसा बसेल, आणि पहिला टेनरही सोबत वर जातो हे विसरू नका.

मोटाउनच्या रेकॉर्डवरून फकीर यांची ओळ उतरवून घेताना एक सावधगिरी हवी. त्या गाण्यांत बऱ्याचदा 'अँडँटीज' या तीन गायिकांचे आवाज वर जोडलेले आहेत. सगळ्यात वर ऐकू येतो तो सूर फकीर यांचाच असेल असं धरून चालू नका. मंचावरची ध्वनिमुद्रणं ऐका, तिथे चौघांचा मूळ सांधा मोकळा सापडतो.

आता कागदपत्रं. १९६५ मध्ये 'आय कान्ट हेल्प मायसेल्फ' अव्वल ठरताच कोलंबियाने गटाचं जुनं गाणं पुन्हा बाजारात आणलं. त्याच्यावर मात करायला मोटाउनच्या त्याच त्रिकुटाने 'इट्स द सेम ओल्ड साँग' एका दिवसात तयार केलं. तुमच्या मागे असं त्रिकूट नसेल, म्हणून जुन्या मुद्रणांचे हक्क कोणाकडे, किती वर्षं, हे सही करण्याआधी लिहून घ्या. गटाचं नाव कोणाच्या मालकीचं आणि एखादा गेला तर त्याच्या वाट्याचं काय, हेही पहिल्या कार्यक्रमाआधी ठरवा. मोटाउनमध्ये मुख्य गायकाचं नाव गटाच्या पुढे लावायची पद्धत पडली, तरी स्टब्ज यांनी ती आपल्यासाठी नाकारली. हा मोठेपणा नसता तर गट इतका टिकला नसता.

१९९७ मध्ये पेटन गेले, तोवर या चौकडीत चार दशकांहून अधिक काळ एकही बदल झाला नव्हता. उरलेले तिघं थोडे दिवस नुसते 'टॉप्स' म्हणून गायले, मग नवा चौथा आला. २००५ मध्ये बेन्सन गेले आणि पेटन यांचा मुलगा गटात आला. २००८ मध्ये स्टब्जही गेले. मूळ चौघांपैकी फकीर एकटे उरले, आणि २२ जुलै २०२४ रोजी निधन होण्याच्या थोडं आधीपर्यंत ते मंचावर होते.

नवा गळा घेण्याची वेळ तुमच्यावरही येईल. प्रत्येक गाण्याच्या चारही ओळी आजच वेगवेगळ्या मुद्रित करून ठेवा: एकट्याचा आवाज, मागे तानपुरा, सुरुवातीला पट्टी बोलून सांगितलेली. नव्या माणसाला पहिला आठवडा फक्त त्याची ओळ द्या. दुसऱ्या आठवड्यात बाकीच्या तीन ओळी एकत्र लावा आणि त्यात त्याला आपली जागा भरायला सांगा.