मुद्रा कर्ज मागायला जाण्याआधी

कराडजवळ माझी मिरची-हळद कांडपाची गिरणी आहे. पहिल्यांदा मुद्रा कर्जासाठी, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जासाठी, बँकेत गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, "महिन्याला धंदा किती?" मी म्हटलं, "बरा होतो की." अर्ज तिथेच अडला.

म्हणून आधी वही धरा. मी दोनशे पानी वहीत रोज रात्री लिहायचे: किती किलो मिरची कांडली, रोख किती, उधारी कुणाकडे, वीजबिल किती. सहा महिने एकही दिवस चुकवला नाही. दुसऱ्या वेळी साहेबांनी तीच वही पानं उलटून वाचली. गिऱ्हाइकांना क्यूआर कोडवरच पैसे टाकायला सांगा. खात्यातला पैसा बँकेला दिसतो, डब्यातला नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधार-पॅनवर ऑनलाइन, फुकट होते. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. यंत्राचं कोटेशन पक्कं घ्या.

मुद्रात कर्जाचे गट आहेत: 50 हजारांपर्यंत शिशु, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण. तारण लागत नाही. कुणी दागिने मागितलेच तर ती मागणी लेखी द्या म्हणा.

हप्ता मात्र उन्हाळ्यातल्या गर्दीवर ठरवू नका बायांनो. जुलै-ऑगस्टात गिरणी रिकामी असते, तेव्हा जेवढा झेपेल तेवढाच हप्ता घ्या.