घराच्या अलार्मचे कोड: या चुका टाळा

सिक्युरिटी सिस्टीम बसवताना सेन्सर कुठे, कॅमेरा कुठे यावर भरपूर खल होतो. कोडचा विषय मात्र इन्स्टॉलर निघायच्या घाईत उरकला जातो, आणि पुढचे बरेच घोळ तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळ्यांना एकच कोड. मुलांना तोच, घरकामाला येणाऱ्यांना तोच, रंगकामवाल्यालाही तोच. मग लॉग (कोणत्या कोडने कधी दार उघडलं याची नोंद) उघडून काही उपयोग नाही, कारण दार कोणी उघडलं ते कळतच नाही. एखाद्याने काम सोडलं की सगळ्या घराचा कोड बदलावा लागतो, आणि तो व्याप नको म्हणून जुनाच चालू राहतो. माणशी वेगळा कोड द्या. माणूस गेला की त्याचा कोड त्याच दिवशी डिलीट करा. थोड्या दिवसांच्या कामासाठी मुदतीचा कोड देता येत असेल तर तोच द्या. मास्टर कोडने बाकीचे कोड तयार होतात आणि पुसले जातात, म्हणून तो रोजच्या वापरात आणूच नका.

इन्स्टॉलर कोड तर बहुतेकांच्या गावीही नसतो. पॅनलचं, म्हणजे अलार्मच्या मुख्य यंत्राचं, प्रोग्रामिंग त्याने उघडतं, आणि कंपनीतून आलेला मूळ कोड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. तो बदललाय का, हे विचाराच. जुनं घर घेतलं असेल तर आधीच्या मालकाचे कोड आणि त्यांचं ॲपमधलं लॉगिन, दोन्ही काढा.

चार आकडी कोडच्या 10,000 जुळण्या होतात, पण जन्मसाल ठेवलंत तर अंदाज शंभराच्या आसपास येतो. कीपॅडची बटणंही चुगली करतात. चारच बटणं झिजलेली, मळलेली दिसली तर उरतात फक्त 24 शक्यता. एक आकडा दोनदा वापरला असेल तर तीनच बटणं झिजतात आणि शक्यता 36 होतात. फरक थोडका आहे. सहा आकडी कोडची सोय असेल तर सरळ तोच घ्या, आणि कीपॅड अधूनमधून पुसा.

नवा कोड चालत नाही? पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. बऱ्याच सिस्टीम ठरावीक चुकांनंतर कीपॅड काही वेळ लॉक करतात आणि मग बरोबर कोडही घेत नाहीत. थोडं थांबा. कोड ॲपमध्ये सेव्ह झाला, पण त्या वेळी दाराचं स्मार्ट लॉक ऑफलाइन असल्याने तिथवर पोचलाच नाही, असं पुष्कळदा होतं. कोड वेळेच्या मर्यादेचा असेल तर पॅनलचं घड्याळ बघा. वीज जाऊन बॅकअप बॅटरीही उतरली की काही पॅनलची वेळ चुकते आणि सकाळी चालायचा कोड सकाळीच नाकारला जातो. वैतागून फॅक्टरी रीसेट मात्र करू नका. बऱ्याच पॅनलमध्ये त्याने जोडलेले सेन्सरही पुसले जातात.

शेवटचा मुद्दा ड्युरेस कोडचा. कोणी धमकावून अलार्म बंद करायला लावला तर हा टाकायचा: अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो आणि गुपचूप इशारा जातो. तो नेहमीच्या कोडपेक्षा एकाच आकड्याने वेगळा ठेवला तर घाईत चुकून दाबला जातो. पूर्ण वेगळा ठेवा, घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घ्या, आणि तपासून बघायच्या आधी मॉनिटरिंग सेंटरला (इशारा जिथे पोचतो तिथे) फोन करून तसं कळवा.